मदत हवी आहे : बोर्डावर 'बाय' की 'टिल'?

वाडीतली_खोली
बोर्ड उद्या सकाळी छापायला जातोय. इंग्रजीत 'पर्यंत'ला बाय लिहायचं की टिल? मुलगी एक सांगते, छापखानावाला दुसरंच. आधीच्या बोर्डापायी पाहुण्यांशी रोजची कटकट झाली, ती परत नको. कृपया आज रात्रीच सांगा.

मालवणी_माणूस
मरे, वाक्य खंय आसा? नुसता 'पर्यंत' म्हटल्यार कोणाक काय समजतला? बोर्ड दुकानाचो, शाळेचो की होडयेचो?

रत्नांग्रीकर_77
टिल. डोळे मिटून टिल लिहा. बाय म्हणजे 'ने' : बाय बस, बाय पोस्ट. विषय संपला.

निवृत्त_मास्तर
संपला नाही. 'ने' हा बायचा एक अर्थ झाला. वेळेपुढे बाय आला की काम त्या वेळेच्या आत केव्हातरी एकदा उरकायचं असतं. टिल म्हणजे गोष्ट त्या वेळेपर्यंत चालू राहते आणि मग थांबते. आपण दोन्हीकडे 'पर्यंत'च म्हणतो, घोळ तिथे होतो. मूळ वाक्यं द्या, त्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

वाडीतली_खोली
होमस्टे आहे, दापोलीजवळ मुरूडला. वाक्यं अशी : नाश्ता 10 पर्यंत मिळेल. रात्री मासे हवे असतील तर दुपारी 3 पर्यंत सांगावं. खोली 11 पर्यंत सोडावी. समुद्र चालत 5 मिनिटांवर.
आधीच्या बोर्डावर सगळीकडे बाय होतं. 'ब्रेकफास्ट विल बी सर्व्ड बाय 10' वाचून लोक 10 वाजता येऊन बसायचे, तोवर घावन्यांचं पीठ संपलेलं असायचं.

निवृत्त_मास्तर
त्या पाहुण्यांचं बरोबर होतं. त्या वाक्याचा अर्थ '10 वाजेपर्यंत नाश्ता समोर येईल' असाच होतो. तिथे टिल हवं : 'ब्रेकफास्ट इज सर्व्ड टिल 10'. मासे आणि खोली या दोन्हींना बाय : 'प्लीज ऑर्डर फिश बाय 3', 'चेक-आऊट बाय 11'. अंटिल लिहिलंत तरी अर्थ टिलचाच.

घाटावरचा_खवय्या
मासे हर्णैच्या लिलावातले का? संध्याकाळचा लिलाव बघायला पाहुण्यांना नेता का? आणि दाभोळहून धोपाव्याला शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते? पुढे गुहागरला जायचंय.

वाडीतली_खोली
हो, लिलावातलेच, म्हणून तर 3 च्या आत कळायला हवं. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा फक्त शाकाहारी. फेरीचं जेटीवर फोन करून विचारा. इथे बोर्डाचं चाललंय.

मराठी_आधी
इंग्रजीचा सोस कशाला? मराठीत लिहा, प्रश्नच मिटला.

वाडीतली_खोली
मराठी बोर्ड दारातच आहे. बंगळूर-हैदराबादहून येणाऱ्यांनी तो कसा वाचायचा?

देवगडची_पेटी
माझा सल्ला, बाय वापरूच नका. आंब्याच्या जाहिरातीत 'ऑर्डर बाय 15 एप्रिल' टाकलं तर अर्ध्या लोकांनी 15 लाच पैसे धाडले, आणि आमचा टेम्पो तर 15 ला पहाटेच निघतो. सरळ 'बिफोर' लिहा.

रत्नांग्रीकर_77
बायमध्ये ती तारीख धरतच नाहीत. गिऱ्हाईकं चुकली.

निवृत्त_मास्तर
धरतात. 'बाय 15' म्हणजे 15 तारीख धरून. 'बिफोर 15' म्हणजे 14 ला खिडकी बंद. वाद नको असेल तर 'ऑन ऑर बिफोर' असं पूर्ण लिहावं, कोर्टाच्या कागदांत लिहितात तसं.

वाडीतली_खोली
छापखानावाल्याने 'नो चेक-इन टिल 12' असंही घातलंय. चालेल?

निवृत्त_मास्तर
खोली 12 ला देत असाल तर व्याकरण बरोबर आहे. नकारापुढे टिल आला की अर्थ 'तिथून सुरू' असा होतो. पण घाईत वाचणारा गोंधळेल. 'चेक-इन फ्रॉम 12' लिहा.

सागरवेळा
चौथ्या वाक्याकडे कुणीच बघितलं नाही! ताई, तिथे 'बाय वॉक' नका लिहू. बाय कार, बाय ट्रेन, बाय फेरी बरोबर, पण पायी म्हणजे 'ऑन फूट'. सगळ्यात सुटसुटीत 'फाइव्ह-मिनिट वॉक टू द बीच'.

रत्नांग्रीकर_77
बाय वॉक सगळेच म्हणतात. कळतं ना लोकांना?

सागरवेळा
कळतं, पण बोर्ड वर्षानुवर्षं टांगलेला राहणार. आणखी एक : होमस्टेच्या नावात 'बाय द सी' असेल तर काढा. बाय म्हणजे अगदी लगत, बायचा जुना मूळ अर्थच तो. 5 मिनिटं चालावं लागत असेल तर 'निअर द सी'. लाटा खिडकीतून दिसतील या आशेने माणूस येतो आणि समोर नारळीची बाग बघून हिरमुसतो. मग रिव्ह्यूत तेच लिहितो.

मालवणी_माणूस
ह्या मात्र खरा. गाडयेचा काय, 'बाय माय कार' म्हणतत ता?

सागरवेळा
नाही. बाय असेल तर नुसतं 'बाय कार'. माझी, तुमची आलं की 'इन माय कार'. फेरीचंही तसंच : 'बाय फेरी', नाहीतर 'ऑन द फेरी'.

वाडीतली_खोली
नाश्त्याला टिल, मासे आणि खोलीला बाय, चेक-इनला फ्रॉम, चौथी ओळ ताईंची. नावात 'बाय द सी' होतं, ते आत्ताच बदलून पाठवलं. शेवटचं एकच : दारात आंबे विकतो, त्याला 'बाय डझन' की 'बाय द डझन'?

निवृत्त_मास्तर
'सोल्ड बाय द डझन'. किलोलाही 'बाय द किलो'. फक्त 'बाय वेट'मध्ये 'द' येत नाही.