मदत हवी आहे: कृष्ण मेनन यांच्यावरच्या वादविवादात विरोधी बाजू कशी मांडावी?

महाविद्यालयीन स्पर्धेचा विषय आहे, '१९६२च्या पराभवाला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन हेच जबाबदार'. आमच्या गटाकडे विरोधी बाजू आली आहे, वेळ ७ मिनिटं. मेनन यांची डावी मतं, तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या यांचा राजीनामा, शस्त्रांची टंचाई हे सगळं एकमेकांत गुंतलंय. कोणता मुद्दा टिकेल, कुठे अडकू?

प्रतिसाद १

मेनन निर्दोष होते असं म्हणायला जाऊ नका, पहिल्याच प्रश्नाला पडाल. ते एकटे जबाबदार नव्हते, एवढंच सिद्ध करा.

लष्करातल्या बढत्यांचा मुद्दा सर्वांत अवघड. थिमय्यांनी ३१ ऑगस्ट १९५९ला राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहाखातर लगेच मागे घेतला. ईशान्य सीमेवर लोंगजूला चीनशी झालेली चकमक २५ ऑगस्टची, म्हणून 'चीनचा इशारा ऐकला नाही म्हणून राजीनामा' असं अनेक वक्ते ठोकून देतात. ते चूक आहे. खटका उडाला तो मुख्यतः मेनन यांची वागण्याची तऱ्हा आणि वरिष्ठ पदांवरच्या नेमणुका यांवरून. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांना लढाईतल्या नेतृत्वाचा अनुभव तुटपुंजा, तरी ऑक्टोबर १९६२च्या सुरुवातीला चौथी कोअर (ईशान्य सीमेवरची मोठी सेना-तुकडी) त्यांच्याकडे दिली. ते आजारी पडून दिल्लीला आले आणि २० ऑक्टोबरला हल्ला झाला तेव्हा कोअर कमांडर आघाडीवर नव्हता. हे सरळ मान्य करा, पण कौल नेहरूंच्याही मर्जीतले होते हे त्याच दमात सांगा.

थोरातांचं नाव प्रतिपक्ष हमखास काढेल, महाराष्ट्रात तर नक्कीच. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात तेव्हा लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख होते. सीमेवरची ठाणी फक्त टेहळणीला ठेवून खरी लढाई मागे, आपल्या रसदीच्या टप्प्यात द्यावी, अशी त्यांची योजना. मार्च १९६०च्या 'लाल किल्ला' सरावात त्यांनी ती मांडली. नोव्हेंबर १९६१चं फॉरवर्ड धोरण, म्हणजे सीमेवर पुढे पुढे ठाणी उभारणं, याच्या नेमकं उलट, पण तो निर्णय नेहरूंच्या बैठकीतला. थिमय्यांनी शिफारस करूनही थोरात लष्करप्रमुख झाले नाहीत, थापर झाले. इथे 'मर्जीतला माणूस आणला' म्हणणाऱ्याला सांगा की थापर सेवाज्येष्ठ होते.

प्रतिसाद २

शस्त्रांबद्दल थोडं. जवानांच्या हातात जुन्या .३०३ रायफली होत्या, हिवाळी कपडे अपुरे होते, हे नाकारू नका. पण परकीय चलनाची टंचाई होती आणि तिजोरी अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या हातात. देशी उत्पादनावरचा मेनन यांचा भर त्यांच्या राजकीय मतांतूनच आला: पाश्चात्त्य शस्त्रांवर अवलंबून राहायचं नाही. जबलपूरचे शक्तिमान ट्रक आणि १९६१ला सुरू झालेली साताऱ्याची सैनिक शाळा ही उदाहरणं चांगली. मारुत या देशी लढाऊ विमानाचं उदाहरण मात्र जपून वापरा. ते जून १९६१ला उडालं खरं, पण ऑर्फियस इंजिनाची ताकद कमी पडली, ठरवलेला वेग गाठणं साधलं नाही.

मेनन पाकिस्तानलाच मुख्य शत्रू मानत. याचा बचाव करता येत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

धागाकर्ता

आभारी आहे. १९६२च्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा जो हेंडरसन ब्रूक्स अहवाल आहे, त्याचा आधार घेऊ का?

प्रतिसाद १

घ्या, पण 'चौकशीत मेनन सुटले' असं चुकूनही म्हणू नका. चौकशी लष्करी कारवाईची होती, मंत्र्याच्या निर्णयांची नव्हतीच. यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून सप्टेंबर १९६३मध्ये लोकसभेत त्याबद्दल निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वाची साखळी यांतल्या उणिवा त्यात आहेत. त्या निवेदनावरच दोन मिनिटं राखून ठेवा. लोकसभेच्या कामकाजात ते छापलेलं आहे, तेव्हा परीक्षकही अडवू शकणार नाहीत.