मदत हवी आहे – फ्रेंचमध्ये खेळाबद्दल बोलायचंय, 'झुए' का 'फेअर'? लवकर सांगा

तालीम_उदगीर:
सोमवारी तोंडी आहे. विषय खेळ आणि व्यायाम. 'झुए' (खेळणे) कुठं लावायचं आन् 'फेअर' (करणे) कुठं, ह्याच्यात डोकं आउट झालंय. पुस्तकात एक, व्हिडिओत दुसरंच. काल ऑनलाइन क्लासला एक साधं वाक्य बोललो तर मॅडम हसायलाच लागल्या. वरून म्हणल्या, "घरी नीट बघा." काय बघू? पक्कं येत असेल त्यांनीच सांगा. ॲप सांगू नका, तीन ॲप आहेत मोबाइलमध्ये.

गोदाकाठची:
कोणती परीक्षा? बारावीची, देल्फ (फ्रेंचची आंतरराष्ट्रीय परीक्षा), का आणखी काही? पातळी कोणती? आणि मॅडम ज्याला हसल्या ते वाक्य काय होतं ते तरी लिहा. खेळ कोणता तेही लिहिलेलं नाही.

निलंगा_एक्स्प्रेस:
भाऊ, मी सांगतो ते ॲप टाक. माझी २१२ दिवसांची साखळी तुटलेली नाही. रोज १० मिनिटं, बास.

तालीम_उदगीर:
@निलंगा, वर काय लिहिलंय ते वाच की बाबा.

खडूस_परभणी:
सोपं आहे. बॉलचा खेळ असला तर 'झुए आ', बाकी सगळ्याला 'फेअर द'. 'आ' आणि पुल्लिंगी शब्दाआधीचं 'ल' मिळून 'ओ' होतं, म्हणून 'झ झू ओ क्रिकेत' (मी क्रिकेट खेळतो). 'द' आणि 'ल' मिळून 'द्यू', म्हणून 'झ फे द्यू योगा' (मी योगा करतो). विषय संपला.

गोदाकाठची:
संपला कसा? बुद्धिबळात कुठला बॉल असतो? तरी 'झुए ओझेशेक'च म्हणतात. पत्त्यांनाही 'झुए ओ कार्त'. आणि 'फेअर द्यू फूत' तर फ्रेंच लोक सर्रास म्हणतात, तिथं बॉल असून. खरं म्हणजे अडलेल्या माणसानं 'फेअर' धरून ठेवावं, कुठल्याही मैदानी खेळाला चालतं. 'झुए' चुकीच्या जागी पडलं की लगेच कळतं.

खडूस_परभणी:
शेजारच्या पोराला मी याच नियमावर पास केलंय.

गोदाकाठची:
पास झाला असेल. बुद्धिबळ विचारलं नसेल त्याला.

बोअरवेल_राजा:
मला फ्रेंच येत नाही. पण भाचा शिकतो, त्याच्या वहीत व्यायामाच्या पानावर 'पोंप' असा शब्द आहे आणि तो म्हणतो पोंप म्हणजे पंप. व्यायामात पंप कशाला? आमच्याकडं ५ एचपीचा तीन दिवस झाले बंद आहे, तो चालू करणं हाच व्यायाम चाललाय.

गोदाकाठची:
भाचा बरोबर आहे 😄 पोंप म्हणजे पंपच. पण 'फेअर दे पोंप' म्हणजे जोर मारणे. खाली-वर, खाली-वर, हापशासारखं. बैठकांना सरळ 'स्क्वॉत' म्हटलं तरी चालतं.

तालीम_उदगीर:
पंपाचं नंतर बघा की. देल्फ आहे, ए वन, म्हणजे सगळ्यात पहिली पातळी. माझं वाक्य होतं: "झ झू द्यू ल्यूत". मी पहिलवान आहे, मातीवर बी खेळतो आन् मॅटवर बी. कुस्तीला ल्यूत म्हणतात हे तर खरंय ना? मग?

गोदाकाठची:
अहो भाऊ! हे आधी सांगायचं ना.
तुम्ही मॅडमना सांगितलंत की मी ल्यूट वाजवतो. ल्यूट हे तंतुवाद्य, अरबी ऊदचा युरोपातला वंशज. फ्रेंचमध्ये ते वाद्यही 'ल्यूत' आणि कुस्तीही 'ल्यूत'. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. फरक लिंगाचा: वाद्य पुल्लिंगी, कुस्ती स्त्रीलिंगी. आणि 'झुए द' हे जोडकाम वाद्यासाठीच असतं: झुए द्यू पियानो, झुए द ला गितार. तुम्ही 'झुए'ही धरलं आणि 'द्यू'ही धरलं, झालं.
बरोबर वाक्य: झ फे द ला ल्यूत.

निलंगा_एक्स्प्रेस:
पहिलवान लंगोट लावून तंबोरा छेडतोय 😂😂

तालीम_उदगीर:
😑 मॅडमनी एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. पण सगळा तालुका म्हणतो कुस्ती 'खेळतो'. मग 'खेळणे' म्हणजे 'झुए' नाही का?

गोदाकाठची:
मराठीत खेळतो, फ्रेंचमध्ये कुस्ती, ज्यूदो, पोहणं, पळणं सगळं 'करतात'. कबड्डी-खोखो मात्र खुशाल 'झुए ओ'. एवढी एक गोष्ट सोडली तर मराठीतूनच विचार करा, इंग्रजी मध्ये घालू नका. "मी दहा वर्षांपासून कुस्ती करतो" यात आपण वर्तमानकाळच वापरतो ना? फ्रेंचही तसंच: 'झ फे द ला ल्यूत दप्वी दिझाँ'. इंग्रजीतून आलेली पोरं इथं हमखास भूतकाळ आणतात. तसंच "मी पहिलवान आहे", 'झ स्वी ल्यूतर'. मध्ये 'एक' नको. आपणही म्हणत नाही.

खडूस_परभणी:
देवनागरीत फ्रेंच लिहायचं हेच मुळात चूक आहे. 'द्यू' मधला ऊ आपल्याकडं नाही. ओठ शिट्टीसारखे गोल करून आतून 'ई' म्हणायचं. याला सोमवारी कुणी तरी पियानो वाजवायला लावेल.

गोदाकाठची:
ओठांचं बरोबर सांगितलंत. बाकी तो उदगीरला बसून विचारतोय, त्याला आधी वाक्य तर जुळू द्या.

मांजरा_काठ:
खेळ आणि फ्रान्स निघालंच आहे तर आपल्या बीडच्या अविनाश साबळेंना विसरू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला होते. त्याच्या महिनाभर आधी पॅरिसलाच डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. परीक्षकाला हे सांग, गप्प होईल.

खडूस_परभणी:
फायनलला ११ वे आले.

मांजरा_काठ:
मग? तुम्ही मोंढ्यापर्यंत तरी पळून दाखवा. आणि पहिलवानच पाहिजे तर राहुल आवारे, पाटोद्याचे. २०१८ च्या राष्ट्रकुलात ५७ किलोत सुवर्ण.

सेवानिवृत्त_जालना:
पोहण्याने गुडघ्याला आराम पडतो का? वय ६४. डॉक्टर चालायला सांगतात, चाललं की दुखतं.

निलंगा_एक्स्प्रेस:
काका, धागा फ्रेंचचा आहे.

गोदाकाठची:
@तालीम_उदगीर, ए वनची तोंडी ५ ते ७ मिनिटांची. पहिल्या भागात स्वतःबद्दल विचारतात आणि त्याला तयारीचा वेळ नाही. पुढच्या दोन भागांसाठी १० मिनिटं मिळतात. तुमची कुस्ती पहिल्याच भागात येणार, म्हणून पाठ नको, तोंडात बसलेली पाहिजे. २५ पैकी ५ च्या खाली गेलात तर बाकीचे मार्क असूनही नापास. इथं चार ओळी लिहा, बघते.

तालीम_उदगीर:
लिहितो.
"झ स्वी ल्यूतर. झ फे द ला ल्यूत दप्वी दिझाँ. तू ले मातँ, झ फे साँ पोंप. झ न फे पा द्यू क्रिकेत."
शेवटचं जाणून बुजून घातलंय. क्रिकेट विचारलंच तर पुढचं बोलता येत नाही.

गोदाकाठची:
मस्त. एकच: नकाराचं 'पा' आलं की 'द्यू'चं नुसतं 'द' होतं. 'झ न फे पा द क्रिकेत'. 'झुए' घेतलंत तर मात्र 'ओ' तसाच राहतो, 'झ न झू पा ओ क्रिकेत'. आणि रोज सकाळी खरंच शंभर जोर? परीक्षक विचारील हं.

तालीम_उदगीर:
शंभर कमी वाटले का? खरे तीनशे मारतो. तीनशेला काय म्हणतात ते येत नव्हतं म्हणून शंभर लिहिले.

गोदाकाठची:
त्रवा साँ.

बोअरवेल_राजा:
त्रवा साँ पंप 🙏 आमचा एक तरी चालू होऊ दे.