लोहाच्या निळ्या गोळीने मळमळ, काय करावं?

प्रश्न: आठवी-नववीला दर सोमवारी गोळी देतो. चार-पाच मुलींना मळमळलं की अख्खा वर्ग गोळी खिशात टाकतो. वेळ बदलू का?

उत्तर: परिपाठानंतर देत असाल तर घोळ तिथेच आहे, निम्मी पोरं उपाशीपोटी आलेली असतात. खिचडी झाल्यावर तासाभराने, न चावता, पाण्यासोबत, तुमच्या डोळ्यांदेखत. लगेच चहा-दूध नको, लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळं होतं हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर फोन सुरू!

उत्तर: एक सोमवार हुकला म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नका, एकीत ६० मिग्रॅ लोह असतं. ताप असेल त्या दिवशी टाळा. थॅलेसेमिया, सिकलसेल (रक्ताचे आनुवंशिक आजार) असलेल्यांना डॉक्टरांना विचारूनच. जंताची गोळी (४०० मिग्रॅ) मात्र चावूनच खायची.