टोचन स्पर्धेला सगळीकडे एकच नियम हवेत, पण 20 इंचाचा हुक आपल्या ट्रॅक्टरला नको

काटा आधी (निफाड)
टोचन म्हणजे ट्रॅक्टरला साखळीने वजन जोडून ते किती लांब ओढतो याची स्पर्धा. परवा त्यावर एका भाऊंनी इथं लिहिलं: "अमेरिकेतलं ट्रॅक्टर ओढीचं नियमपुस्तक मराठीत करा, 300 फूट ट्रॅक, जमिनीपासून 20 इंचावर हुक, जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळांनी तेच लावा, वाद संपेल." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. त्यातल्या एकानेही हुकाच्या उंचीचा हिशोब केलेला दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एकच नियम हवेत, यावर माझं दुमत नाही. निफाडला चालणारी साखळी सिन्नरला बाद, येवल्यात वजन नाही तर एचपी बघणार, तिसरीकडे काहीच बघणार नाहीत. अशाने ट्रॅक्टरवाला तयारी कशाची करणार? अमेरिकेतही असंच होतं. 1929 पासून तिकडे स्पर्धा होत होत्या आणि दर राज्याचे नियम वेगळे. 1969 मध्ये आठ राज्यांचे लोक बसले आणि नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन काढली, ती याचसाठी. पण त्यांनी नियम काढले ते स्वतःच्या ट्रॅक्टरची मापं घेऊन.

आता आपली मापं बघा. त्यांच्या मोठ्या वर्गात 24.5-32 चा टायर (रुंदी आणि रिम, इंचात), धुरा जमिनीपासून 85 सेंटिमीटरच्या आसपास. वजन साडेचार टनांपर्यंत, पुढे लांबवर वजनं टांगलेली आणि मागे उलटू नये म्हणून आधाराच्या दांड्या सक्तीच्या. तिथं 20 इंच, म्हणजे 51 सेंटिमीटर, धुऱ्याच्या बरंच खाली येतं. आपल्या 45-50 एचपीला 13.6-28 किंवा 14.9-28. धुरा 62 ते 65 वर. दांड्या नाहीत.

हिशोब असा. ट्रॅक्टर 2000 किलो, पुढच्या चाकांवर 700, दोन चाकांतलं अंतर 2 मीटर. पुढचा भाग खाली धरणारा जोर 700 गुणिले 2, म्हणजे 1400. पकड चांगली असेल तर ओढ जवळपास ट्रॅक्टरच्या वजनाइतकी, 2000 किलोपर्यंत जाते. हुक 50 सेंटिमीटरवर असेल तर 2000 गुणिले 0.5, म्हणजे 1000 खर्ची पडले, उरले 400, म्हणजे पुढच्या चाकांवर फक्त 200 किलो. तेवढ्यात स्टेअरिंग लागत नाही. हुक 40 वर आणला की 300 किलो उरतात, ट्रॅक्टर वळवता येतो. आणि टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांडीच्या) ब्रॅकेटला, 90 वर, साखळी अडकवली की 1800 लागतात आणि आहेत 1400. ट्रॅक्टर मागे पडणारच. दीड सेकंदात उलटा होतो, क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

हे सगळं ओढ स्थिर असतानाचं. ढिल्या साखळीला हिसका दिला तर आकडे आणखी वाईट. म्हणून माझं म्हणणं: हुक 40 सेंटिमीटरच्या वर नको, कंपनीच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या खालच्या पट्टीलाच), पिन लावून पक्का. अवजार उचलणाऱ्या थ्री पॉइंटच्या आडव्या पट्टीला नाही, कारण ती हायड्रॉलिकने ऐन ओढीत वर उचलता येते. आधी एवढं सगळीकडे सारखं करा. बक्षीस, वर्ग, ट्रॅकची लांबी यावर नंतर भांडू.

मुरूमवाला (सिन्नर)
हिशोब मांडलात, पण नियम कुणासाठी करताय? निफाडची काळी आणि आमचा मुरूम एक आहे का? काळ्या जमिनीत टायर बसतो, मुरमावर नुसता घासतो. तुमच्याकडे 60 मीटर ओढणारा आमच्याकडे 35 वर थांबतो. एक नियम लावलात की निफाडवाले रोज जिंकणार आणि आमची पोरं घरी बसणार. आमच्या यात्रा कमिटीचे नियम आमच्या जमिनीवरून ठरलेत. ते बाहेरच्याने बदलायची गरज नाही.

काटा आधी (निफाड)
तुमच्या ट्रॅकवर तुमचेच आकडे राहतील, दोन गावांचे मीटर कोणीच तोलत नाही. एका दिवशी, एका ट्रॅकवर, सगळ्यांना सारखं मिळालं की झालं. हुकाची उंची मुरमावर बदलते का? साखळी बदलते का?

ट्रॅकचा नियम हवा तो तयारीचा. आदल्या दिवशी रोटाव्हेटर, मग पाणी, मग रोलर. मातीचा गोळा मुठीत वळला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकला तर फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर ओल जास्त: काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. प्रत्येक ओढीनंतर चर बुजवून फळी आणि रोलर. हे होत नाही म्हणून पाचव्या नंबरनंतरचा प्रत्येक गडी पहिल्याने खणलेल्या खड्ड्यात अडकतो आणि दोष नशिबाला देतो.

पंपाचा मिस्त्री (ओझर)
हुक-बिक ठीक आहे, पण खरी लबाडी डिझेल पंपात आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. "50 एचपीच्या आतला वर्ग" म्हणतात आणि बॉनेटचं स्टिकर बघून नाव घेतात. 2023 पासून 50 च्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम (ट्रेम 4) लागू झाले, 50 च्या आत मात्र बहुतेक मेकॅनिकल पंपाचेच ट्रॅक्टर. त्या पंपाचा डिझेल वाढवायचा स्क्रू आत फिरवला की तोच ट्रॅक्टर 58-60 ला जातो. काळा धूर निघतो, पण धुरावरून कोण बाद करतं? सील तुटलेलं असतं, वर रंग मारलेला असतो.

गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणाऱ्या भागाला, हात लावला तर किमान पकडता येतं. क्रँक पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवा, हातातला टॅकोमीटर धरा, बिनलोड पूर्ण रेस बघा. 2100 रेटेड असलेल्या इंजिनाने 2300 च्या फार वर जाऊ नये. 2700-2800 दाखवलं तर तिथंच बाहेर काढा. त्या फेऱ्यांना क्लच प्लेट फुटली तर बेल हाऊसिंग (क्लचभोवतीचं कवच) फोडून बाहेर येते, आणि बेल हाऊसिंगच्या वरच चालकाचे पाय असतात. डिझेलचा स्क्रू मात्र आरपीएममध्ये दिसत नाही. त्याला मागच्या शाफ्टला जोडून एचपी मोजणारा पीटीओ डायनॅमोमीटरच लागतो, आणि तो यात्रेत येत नाही.

येवलेकर
मग एचपीचा वर्गच काढून वजनाचा लावा म्हणता की काय? वजनाचा वर्ग म्हणजे टायरात पाणी भरणाऱ्यांचं राज्य. 13.6-28 मध्ये पाऊण भाग भरलं की एका टायरात 200 लिटर बसतं. दोन टायरांत 400 किलो, फुकट. 16.9-28 वाला तर एकेकात 300 च्या वर घेतो. 35 एचपीचा गरीब शेतकरी काय करणार?

पंपाचा मिस्त्री (ओझर)
तोही भरेल, बंदी कुठे आहे? वर्ग 2200 किलोचा म्हणजे सगळे 2200 वर. पाणी, चाकाची वजनं, पुढच्या प्लेटा, कशानेही करा. पाणी भरताना व्हॉल्व्ह वर ठेवा, व्हॉल्व्हपर्यंतच भरा. पूर्ण भरलं की टायर दगड होतो आणि पकड उलट कमी होते. आणि पुढच्या धुऱ्याचं वेगळं वजन घ्या, एकूण वजनाच्या 35 टक्क्यांच्या खाली नको. नाहीतर सगळं वजन मागे टाकतील आणि निफाडच्या भाऊंचा हुकाचा हिशोब कोसळेल.

35 आणि 50 चं म्हणाल तर सूत्र सोपं आहे: किलो गुणिले ताशी किलोमीटर भागिले 270 म्हणजे एचपी. 1800 किलोची ओढ ताशी 2 ला घ्या, 13 एचपी लागते. ताशी 8 ला 53. म्हणजे पहिल्या लो गिअरला 35 वाला आणि 50 वाला सारखेच, तिथं फक्त वजन आणि टायर बोलतात. वेगाने ओढायचं ठरवलं की पंपाची लबाडी कामाला येते. म्हणून गिअर ठरवा. लो रेंज सक्तीची केली की पंप वाढवून उपयोगच उरत नाही.

येवलेकर
लो रेंजला ओढ म्हणजे काय बघायचं लोकांनी? ट्रॅक्टर गोगलगायीसारखा सरकणार आणि मंडप रिकामा होणार. आणि लो फर्स्टला टॉर्क कुठे जातो ते तुम्ही मिस्त्री असून सांगत नाही! मागच्या चाकांना जोर देणारे क्राउन-पिनियन आणि हाफ शाफ्ट तिथंच तुटतात. 35 वाल्याच्या टायरात पाणी, पुढे प्लेटा, आणि गिअरबॉक्स मूळचा हलका. चाक घसरू शकत नाही म्हणून शाफ्ट तुटतो. सोमवारी त्याला फवारणी करायची असते. तुमचा नियम लबाडाला रोखतो आणि साध्या माणसाचा ट्रॅक्टर मोडतो.

पंपाचा मिस्त्री (ओझर)
शाफ्ट तुटतो तो वजन कंपनीच्या मर्यादेबाहेर नेल्याने. मर्यादा मॅन्युअलमध्ये छापलेली असते. 1700 किलोच्या ट्रॅक्टरला 2200 च्या वर्गात घालणाऱ्याला तिथंच थांबवा, त्याच्यासाठी 1800 चा वर्ग ठेवा. मॅन्युअल न वाचता नियमाला शिव्या देऊ नका.

येवलेकर
मॅन्युअल मलाही वाचता येतं. तुमच्या गॅरेजात पंप वाढवून देतात की नाही ते आधी सांगा, मग नियम शिकवा.

पंपाचा मिस्त्री (ओझर)
गॅरेजवर येऊ नका. मुद्दा गिअरचा आहे. लोकांना वेग बघायचा असेल तर हाय रेंजचा वेगळा वर्ग करा, पंप वाढवायला मोकळीक द्या, नाव "खुला गट" ठेवा. पण त्याला क्लचभोवती 6 मिलिमीटर पत्र्याचं कवच आणि उलटण्यापासून वाचवणारी फ्रेम सक्तीची. साध्या गटात तो गडी घुसवू नका, एवढंच.

बागायतदार (दिंडोरी)
पंपावर अर्धा दिवस गेला. 24-28 एचपीच्या फोर बाय फोर मिनीचं काय? द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात दर दुसऱ्या शेडमध्ये तोच उभा आहे. वजन 900 ते 1200 किलो. स्पर्धेत मात्र त्याला "लहान गट" म्हणून पॉवर टिलरच्या शेजारी ढकलतात. फोर व्हीलला टू व्हीलबरोबर लावायचं नसतं, पुढची चाकंही ओढतात. आणि 40 सेंटिमीटरची मर्यादा मिनीला लावू नका. त्याचा धुरा 45-50 वर असतो. त्याला 30 च्या वर नको. नियम धुऱ्याच्या प्रमाणात लिहा: हुक धुऱ्याच्या उंचीच्या 60 टक्क्यांच्या आत. मोठ्याला 37 ते 39 येतं, मिनीला 27 ते 30. एका ओळीत दोघांचं काम होतं.

काटा आधी (निफाड)
60 टक्के चांगलं आहे. माझ्या 40 पेक्षा चांगलं.

उलटी ट्रॉली (चांदवड)
तुमचं टोचन बंद पडलं तरी चालेल, आधी रिव्हर्स ट्रॉलीचे, म्हणजे ट्रॉली मागे घेत नेण्याच्या स्पर्धेचे, नियम एक करा. चार चाकी ट्रॉलीला पुढची दांडीही वळते आणि ट्रॉलीची पुढची धुरीही, दोन जागी मोड. दोन चाकीला एकच. दोन्ही एका गटात, एकाच वेळेत! खांबाला ट्रॉली लागली तर कुठे 5 सेकंद दंड, कुठे थेट बाद.

मुरूमवाला (सिन्नर)
रिव्हर्सचा वेगळा विषय काढा, इथं नको.

गिरणाकाठ (मालेगाव)
सगळे सेंटिमीटर मोजताय. पंजाबात 2023 च्या ऑक्टोबरात ट्रॅक्टर स्टंट करताना एकाचा जीव गेला आणि सरकारने ट्रॅक्टर स्टंटवरच बंदी घातली. आपल्याकडे बैलगाडा शर्यती 2014 ते 2021 बंद राहिल्या. परत सुरू झाल्या त्या लेखी नियम आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. कागदावर नियम नसताना एक ट्रॅक्टर उलटला तर कलेक्टर कचेरीत तुम्ही काय दाखवणार? मुरूमवाले, तुमची कमिटी काय दाखवणार?

साखळीचं मी सांगतो. बाजारातली विनाशिक्क्याची साखळी नको. 10 मिलिमीटर, कडीवर 8 किंवा 80 चा शिक्का, तिची कामाची क्षमता सव्वातीन टनांच्या आतबाहेर. नायलॉनचा पट्टा मुळीच नको. तो ताणला जातो आणि तुटला की हुकासकट गोळीसारखा मागे येतो. साखळीच्या मधोमध ओली गोणपाटं टाका. ओढीच्या रेषेत पुढे-मागे कोणी नको, बाजूला 15 मीटर दोरी. फोटो काढणारी पोरं नेमकी मागच्या रेषेत बसतात.

सीटबेल्टचंही लिहा. उलटण्यापासून वाचवणारी फ्रेम असेल तरच बेल्ट. फ्रेम नसताना बेल्ट बांधला तर चालक ट्रॅक्टरखाली अडकतो. छत्री म्हणजे फ्रेम नव्हे.

मुरूमवाला (सिन्नर)
परवानगीचा मुद्दा खरा आहे, मान्य. हुक आणि साखळी आमच्या कमिटीत मी मांडतो, 60 टक्के धुऱ्याच्या हिशोबाने. 20 इंच नाही. वर्ग, गिअर, बक्षीस आमचं आम्ही ठरवू. त्यात ओझर-येवल्याचं भांडण आणू नका.

पण वजनाचं कोण बघणार? आमच्याकडे भुईकाटा गावापासून 9 किलोमीटर. तिथून येताना वाटेत टायरात पाणी भरलं तर?

काटा आधी (निफाड)
वजन झाल्यावर टायरच्या व्हॉल्व्हला आणि प्लेटांच्या बोल्टला तार बांधून शिसं दाबायचं, कमिटीच्या शिक्क्याचं. बाजार समितीचा मोठा काटा 10 किलोचा भाग दाखवतो, 2200 ला तेवढं पुरे. डिझेल टाकी पूर्ण, चालक बसलेला. आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त पुढची चाकं काट्यावर. काटा जमिनीशी सपाट असेल तरच दुसरं वजन खरं, नाहीतर उताराने 30-40 किलो मागे सरकतात.

पंपाचा मिस्त्री (ओझर)
इंजिन बंद करायची दोरी राहिली. पंपाच्या स्टॉप लिव्हरला सायकलची ब्रेक वायर, मागे सीटच्या खाली कडी, त्या कडीतून ओढायच्या वजनाला बांधलेली दोरी. साखळी तुटून ट्रॅक्टर सुटला की दोरी ताणते आणि लिव्हर ओढला जातो. दोरी साखळीपेक्षा 30 सेंटिमीटर जास्त लांब ठेवा, नाहीतर पहिल्या हिसक्यालाच इंजिन बंद पडेल. लिव्हरची स्प्रिंग काढून ठेवा, म्हणजे ओढलेला लिव्हर परत वर येणार नाही. काही पंपांना करंट असेपर्यंतच डिझेल सोडणारा सोलेनॉइड आहे, तिथं दोरीऐवजी वायरचा प्लग ठेवा. प्लग निघाला की करंट तुटतो आणि पंप बंद.

येवलेकर
दोरीचं बरोबर आहे. गिअरचं अजून पटलेलं नाही.