इराकी ज्यू आणि मार्च १९५१ चा कायदा
प्रश्न असा की इराकी ज्यू कायदेशीर परवानगीने इस्रायलला गेले, तर मग कफल्लक का झाले? याचं उत्तर तारखांत आहे.

इराकच्या मार्च १९५० च्या कायद्याने ज्यूंना देश सोडता येऊ लागला, पण नागरिकत्वावर पाणी सोडून. नाव नोंदवलं की नोकरी-धंदा सुटायचा आणि विमानासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागायची, कारण नोंदणी भराभर होत होती आणि उड्डाणं कमी होती. असे हजारो लोक अडकलेले असतानाच, १० मार्च १९५१ ला, नोंदणी केलेल्यांची मालमत्ता गोठवण्यात आली. घर, दुकान, बँकेतली शिल्लक, सगळं एका दिवसात हातचं गेलं. आधी विकणाऱ्यांनाही मातीमोल भावच मिळाला होता, कारण सगळेच एकदम विकायला निघालेले. विमानात प्रौढाला जेमतेम ५० दिनार नेता यायचे. १९५१ संपेपर्यंत सुमारे १,२०,००० जण गेले.

इस्रायलमध्ये उतरल्यावर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी, हैफाजवळच्या शार हाआलिया छावणीत तपासणी, आणि मग 'माबारा', म्हणजे तात्पुरती वस्ती. तंबू, लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड, नाहीतर पत्र्याची खोली. पत्रा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापे आणि हिवाळ्यात गारठे. नळ आणि संडास सामाईक. देशभर रेशनिंग होतं, त्यामुळे ताटात अंड्याची भुकटी आणि गोठवलेला मासा. बगदादच्या बँकेत किंवा रेल्वेत हिशेब ठेवणारे इथे झाडं लावण्याच्या, दगड वेचण्याच्या रोजंदारीवर गेले. हिब्रू येत नसल्याने कारकुनीही मिळेना. हा अपमान पत्र्याच्या घरापेक्षा जास्त काळ टिकला, असं मला वाटतं.