बायपासनंतर घरी आल्यावर ह्यांना किती करू द्यायचं?

नारायणपेठी:
नमस्कार. ह्यांची (वय ६१) बायपास होऊन नुकतंच घरी आणलंय. छातीतली आणि डाव्या पायातली शीर वापरली आहे. मधुमेह जुना, जेवणाआधी आणि रात्री इन्सुलिन. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.७, म्हणजे वाढलेलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, राहायला आम्ही दोघंच. डिस्चार्जच्या कागदावर 'जड उचलू नये, हलका आहार, नियमित चालणे' एवढंच लिहिलंय. अडवलं की चिडतात, सोडलं की बादली उचलायला जातात. कुठे हात द्यायचा आणि कुठे मोकळं सोडायचं? काय दिसलं की डॉक्टरांना लगेच फोन करायचा? आणि खूप गप्प गप्प झालेत, हे होतं का सगळ्यांना?

श्वासोच्छ्वास:
ताई, एकच खूण धरा: हातांना मनाई, पायांना मोकळीक. छातीचं हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. ते धरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात आणि पूर्ण ताकद यायला १२ आठवडे. हातांनी ओढलं, ढकललं, उचललं की दोन्ही बाजूंचे छातीचे स्नायू त्या सांध्याला विरुद्ध दिशांना ताणतात. मधुमेहात हाड आणि जखम दोन्ही सावकाश भरतात, म्हणून तुमच्याकडे आठवडे मोजताना घाई नको.

मर्यादा दोन-अडीच किलोची. दुधाची एक पिशवी चालेल, भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा नाही. पण लोक वजनच मोजत बसतात आणि खरी गडबड होते ती उठताना. पलंगावरून हात टेकून सरळ उठणं बंद. आधी गुडघे वाकवून अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, पायांच्या वजनाने धड वर येतं. तुम्ही खांद्यामागे तळहात ठेवून आधार द्या. बगलेत हात घालून किंवा हात धरून ओढू नका, मदत करायला जाऊन घरची माणसं नेमकं हेच करतात. खुर्चीतून उठताना पुढे सरकायचं, पावलं मागे घ्यायची, नाक गुडघ्यांच्या पुढे आणायचं आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. खुर्ची उंच हवी. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा. पुण्यात रुग्णसाहित्य अनामत घेऊन देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत, विकत घ्यायची गरज नाही.

खोकताना, शिंकताना छोटी घट्ट उशी छातीशी कवटाळायची. खोकला दाबायचा मात्र नाही, कफ साचला की ताप येतो.

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र दिलं असेलच. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. निम्मी माणसं फुंकतात! ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत घ्यायचा, एक-दोन चेंडू वर ३ ते ५ सेकंद तरंगत ठेवायचे. झटका मारून तिन्ही चेंडू वर आपटण्यात काही मिळत नाही. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये थांबत, नाहीतर चक्कर येते.

चालणं घरातच ५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, दर एक-दोन दिवसांनी एखादं मिनिट वाढवत. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. जेवल्यावर तासभर नाही. जिने चढायला बंदी नसते, पण कठड्याला धरून स्वतःला वर ओढायचं नाही, कठडा फक्त तोल जाऊ नये म्हणून. प्रत्येक मजल्यावर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगा. एकदा उतरलं की पुन्हा चढायचंच आहे, म्हणून खालची कामं एका फेरीत बसवा.

दवाखान्यात जाताना रिक्षापेक्षा गाडी बरी. पट्टा लावायचाच, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल. स्वतः गाडी चालवणं साधारण ६ आठवड्यांनी आणि सर्जन हो म्हणाले तरच. दुचाकीवर मागेसुद्धा बसवू नका, आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि खड्डे माहीत आहेतच.

पुडी_पट्टी:
वरचं सगळं बरोबर. माझा भाग औषधांचा, कारण घरी आल्यावर पहिला घोटाळा तिथेच होतो. हॉस्पिटलने लिहिलेलं नाव एक आणि घरातल्या जुन्या पट्टीवरचं नाव दुसरं, आत औषध तेच. दोन्ही चालू राहतात, नाडी पन्नासच्या खाली जाते आणि माणूस गळून जातो. तेव्हा मोठं नाव सोडून त्याच्या खालचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा: मेटोप्रोलॉल (नाडी आणि रक्तदाब कमी ठेवणारं), अटोरवास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं), क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं). जुन्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून पहिल्या तपासणीला न्या, 'यातलं काय टाकू' असं विचारा आणि मग टाका.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि मेटोप्रोलॉल स्वतःहून बंद नाही. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर साखर कमी होताना छातीत धडधड आणि हाताची थरथर कळतच नाही. घाम मात्र सुटतो. ह्यांना अचानक घाम आला, बरळल्यासारखं बोलले किंवा विनाकारण चिडले, तर वाद घालू नका, ग्लुकोमीटर काढा. ७० च्या खाली असेल तर ३ चहाचे चमचे साखर अर्धा कप पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा-चॉकलेट नको, स्निग्धपणामुळे साखर उशिरा चढते. ७० च्या वर आल्यावर अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं. धड गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन. क्रिएटिनिन वाढलेलं असताना इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून सुरुवातीला अधूनमधून पहाटे तीनची साखरही बघा. आणि जेवण निम्मंच गेलं तर डोस किती, हे आजच विचारून कागदावर लिहून घ्या. ऑपरेशननंतर तोंडाची चव जाते, हा प्रसंग येणारच.

दुखलं की फक्त पॅरासिटामॉल, दिवसात ३ ग्रॅमच्या आत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला घातक आणि ॲस्पिरिनबरोबर रक्तस्रावाची भीती. ॲसिडिटीसाठी दुकानातून ओमेप्राझोल आणू नका, क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंड कमी चालत असलं की ते रक्तात साठतं, म्हणून तुमच्या घरी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. शहाळ्याचंही तेच. सैंधव म्हणजेही मीठच. दिवसाचं सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा, त्यात पापड-लोणचं आलं. कुणी काढा किंवा भस्म आणून दिलं तर गोड बोलून बाजूला ठेवा.

रात्रपाळी:
फोन कधी करायचा ते सांगते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन. एका दिवसात किलो-सव्वा किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ते चरबीचं नसतं, पाणी साठतंय. त्याच दिवशी फोन. आडवं पडल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागत असतील तरी फोन.

जखम रोज दिवसाउजेडी बघा. कडा लाल, गरम, पू किंवा पाणी, १०१ च्या वर ताप, कूस बदलताना छातीत 'कट्' असा आवाज किंवा हाड हलल्याची जाणीव, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच फोन. शीर काढलेल्या पायाला घोट्याजवळ सूज येतेच, बसताना पाय कमरेच्या उंचीवर ठेवला की उतरते. पोटरी एकदम टणक आणि दुखरी झाली तर ती वेगळी गोष्ट, दाखवा. डाव्या छातीवर बधिरपणा आणि मुंग्या महिनोन्महिने राहतात, तिथली शीर काढलेली असते, त्याला घाबरू नका. नाडी अचानक वेडीवाकडी धावायला लागली तर लगेच कळवा. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं, छातीत दाब: थेट १०८.

अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. बादली तुम्ही आधीच दुसऱ्या स्टुलावर ठेवून भरा म्हणजे उचलायचा प्रश्नच उरत नाही, वादही नाही. जखम टिपून कोरडी करायची. हळद, तेल, पावडर काही नको.

गप्प होणं, रडू येणं, रात्रीचं जागरण हे पहिल्या काही आठवड्यांत खूप जणांना होतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. दोन आठवडे उलटूनही तसंच राहिलं, जेवण-औषधातलं लक्षच उडालं, तर हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर इलाज आहे. वजनाची आणि साखरेची वही ह्यांच्याच हातात द्या. 'मी सांगते म्हणून' पेक्षा आकडा बोलला की भांडण कमी होतं.

तुमच्यासाठी: आठवड्यातून दोन रात्री तरी दुसरं कुणीतरी. पहाटे तीनला तुम्हीच, सकाळी डबा-औषध तुम्हीच, असं महिनाभर चाललं की चुका तुमच्या हातून व्हायला लागतात. भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळचा एकच तास द्या, सर्दी असलेल्यांना दारातूनच नमस्कार. पाटी लावलीत तरी पुण्यात कुणाला वाईट वाटणार नाही.

नवराबायकोच्या संबंधांबद्दल कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. दोन मजले न थांबता, दम न लागता चढता आले की साधारण ६ ते ८ आठवड्यांनी हरकत नसते, छातीवर भार येणार नाही असं बघायचं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट दिलेलं असेल तर सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्राच्या जातीची) गोळी अजिबात नाही, रक्तदाब धाडकन कोसळतो.

नारायणपेठी:
सगळ्यांचे खूप आभार. वही आजच केली, ह्यांनी स्वतः रेघा आखल्या. दोन गोष्टी राहिल्या. नातू (१० किलो) कडेवर घ्या म्हणून हट्ट करतो. आणि विसर्जनाच्या दिवशी आमच्या भागातून गाडी निघणं अवघड, तेव्हा काय करायचं?

श्वासोच्छ्वास:
नातू १२ आठवडे कडेवर नाही. ह्यांनी सोफ्यावर बसायचं, छातीशी उशी, आणि नातवाला तुम्ही बाजूला आणून बसवायचं. धावत येऊन अंगावर झेप घेणार नाही एवढंच बघा.

रात्रपाळी:
विसर्जनाला लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड या चारही मिरवणुकांच्या वाटा बंद असतात, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. आदल्या दिवशीच कोथरूडला किंवा सिंहगड रोडला कुणा नातेवाइकांकडे, शक्यतो लिफ्ट असलेल्या घरात जाऊन राहा. बरोबर तीन दिवसांची औषधं, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, इन्सुलिन थर्मासमध्ये बर्फाला न चिकटवता, डिस्चार्जचा कागद आणि वजनकाटा. ढोल-ताशांनी झोप उडते ती वेगळीच.