पुरात बुडालेली ६५ सालची बीटल रिटायरमेंटनंतर उभी करायला घ्यावी का? स्पष्ट बोला

फोरमन_सांगली

नमस्कार मंडळी. ३१ मेला साखर कारखान्यातून रिटायर झालो. मिल हाऊसला ३४ वर्षं काढली. हंगामात रात्री दोनला फोन, आणि बंद हंगामात अख्खी मिल उघडून परत बसवायची. आता सकाळी आमराईत दोन फेऱ्या मारून घरी आलो की साडेसात वाजलेले असतात, आणि पुढचा दिवस काही केल्या सरकत नाही.

गावभागात एका डॉक्टरांच्या वाड्यात फोक्सवॅगन बीटल उभी आहे. १९६५ ची, १२०० सीसी. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं बाहेरगावी. लहानपणी ही गाडी व्हिजिटला निघाली की आम्ही पोरं मागून पळायचो. इंजिन मागं आणि स्टेपनी पुढं, हे कोडं आम्हाला कितीतरी दिवस सुटलं नव्हतं. २०१९ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. मागणी साडेतीन लाख.

माझा विचार असा. इंजिन हवेवर गार होणारं. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, होज पाइप नाही. चार बोल्ट काढले की इंजिन खाली. मिलचे गिअरबॉक्स उघडलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही. दोन वर्षं आणि वर दीड लाख धरलेत. सौ.चा विरोध आहे, मुलगा म्हणतो पुण्याला या. तुम्ही काय म्हणता?

कुपवाडचा_पाना

साहेब, नका घेऊ.

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. नुसतं पाणी असतं तर वाळून गेलं असतं, पण कृष्णामाई गाळ ठेवून जाते. बीटलची चासी म्हणजे मधोमध एक बोगदा आणि दोन्हीकडं पत्र्याची तळी. त्या बोगद्यातनं पेट्रोलची नळी, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, गिअरचा दांडा, सगळं जातं. त्यात गाळ बसून सहा वर्षं सुकलाय. तो काय पाइप लावून धुऊन निघत नाही, विटेसारखा घट्ट होतो. पूर ओसरल्यावर मी अकरा गाड्या उघडल्या होत्या, त्यातल्या दोन अजून चालतात.

दुसरं. इंजिन उतरवायला सोपं, हे खरं. पण त्याचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा सांगाडा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. बिडाचा असता तर घासून घेतला असता. मॅग्नेशियमला पाणी लागलं की पांढरी भुकटी धरते आणि आतनं खातं. लाइन बोअर, म्हणजे बेअरिंगच्या जागा एका रेषेत परत कापून घ्यायच्या म्हटल्या तर कोल्हापूर गाठावं लागंल, आणि मापाची बेअरिंग बाहेरच्या देशातनं.

जायचंच असलं तर मागचं सीट उचला. बॅटरी तिथंच असते. तिच्या खालच्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टोचा. आरपार गेला तर तिथनं थेट घरी या.

हिशेबी_माणूस

बँकेत आयुष्य गेलं म्हणून सांगतो. साडेतीन अधिक दीड म्हणजे पाच लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के धरले तर वर्षाला ४१,००० होतात, म्हणजे दर तीन महिन्यांनी १०,२५० खात्यात येतात, तेही हात काळे न करता. आणि दीड लाखात ही गाडी होईल हे विसरा. जुन्या गाडीचा अंदाज कागदावर मांडायचा, त्याची दुप्पट करायची आणि तो आकडा बायकोपासून लपवायचा, अशी रीत आहे.

एअरकूल्ड_पुणेकर

हिशेबी काका, पैशांचं एक वेळ मान्य. पण 'भाग बाहेरच्या देशातून' याचा एवढा बाऊ नको. ही गाडी मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती. एकूण २,१५,२९,४६४ गाड्या. कुठलाही रबर, कुठलीही केबल, तळाचा अख्खा पत्रासुद्धा आज नवा मिळतो. ड्यूटी भरावी लागते, वाट बघावी लागते, पण मिळतो. त्याच काळातल्या एखाद्या ब्रिटिश गाडीच्या दाराचं हँडल शोधून दाखवा.

माझ्याकडे ६८ ची आहे. बारा वर्षं झाली. फोरमन साहेब, घ्या.

उन्हाळा_चाळीस

मला एक सांगा, एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. त्यात पाण्याशिवाय इंजिन? दंडोबा डोंगराच्या चढाला धूर निघेल. आमच्या मामांच्या मित्राची अशीच गाडी होती, दर उन्हाळ्यात बंद.

एअरकूल्ड_पुणेकर

हा गैरसमज मला दर आठवड्याला ऐकावा लागतो, म्हणून जरा सविस्तर.

हवेवर गार होणारं म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं नव्हे. डायनमोच्या दांड्यावर एक मोठा पंखा असतो. तो पत्र्याच्या घुमटातून हवा ढकलतो आणि ती चारही सिलिंडरांवरून खाली उतरते. जुन्या चेतक स्कूटरच्या इंजिनावरचं काउल काढून एप्रिलमध्ये माधवनगरपर्यंत चालवा, काय होतं ते कळेल. तेच बीटलचं. जुन्या मेकॅनिकांनी 'आडवे येतात' म्हणून खालचे-बाजूचे पत्रे काढून फेकले, थर्मोस्टॅट काढला, इंजिनाभोवतीचं रबर कुजलं ते परत लावलंच नाही. मग खालची गरम हवा फटीतून वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. मामांच्या मित्राची गाडी हमखास अशीच असणार.

एक खोड मात्र मूळचीच आहे, ती लपवत नाही. त्या सालच्या इंजिनात ऑइल कूलर घुमटाच्या आत, तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असतो. म्हणून तीन नंबर इतरांपेक्षा जास्त तापतो आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जातो. पुढं ७० च्या सुमाराला कूलर बाजूला नेला. तेल मावतं फक्त अडीच लिटर, आणि कागदी फिल्टर नाही, नुसती तारेची जाळी. म्हणजे तेलच इथं पाण्याचं काम करतं. पाच हजार किलोमीटरला बदलायचं, त्यात कुचराई नाही.

आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट तपासणं. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी चहाच्या आधी. गाडीखाली आडवं व्हायचं, तारेची पट्टी एका बाजूला सारली की झाकण हातात येतं. फीलर गेजची पाती फटीत सरकवायची. लोण्यातून सुरी फिरल्यासारखी गेली तर ढिलं आहे, अडकली तर घट्ट. जरा ओढ लागली पाहिजे, एवढीच. ती ओढ शब्दांत सांगता येत नाही. तुम्ही मिलवाले आहात, तुमच्या बोटांना ती ओळखीची असणार. माझ्या आयटीतल्या बोटांना दोन वर्षं लागली.

उन्हाळा_चाळीस

बरं. तरी दंडोबाला मी येणार नाही तुमच्याबरोबर.

मिरजेची_सून

काका, मी इथं सहसा लिहीत नाही, पण राहवलं नाही.

माझे सासरे रिटायर झाले आणि एक जुनी पद्मिनी मोटार घेऊन आले. 'सहा महिन्यांचं काम.' पहिल्या महिन्यात माझ्या इडलीच्या कुकरमध्ये कार्बोरेटर उकळला. का, तर त्यातला चिकटा निघतो म्हणे. लोणच्याच्या बरण्यांत नट-बोल्ट, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात चिठ्ठी, 'पुढचा उजवा दरवाजा'. आम्ही आंबे आणून ठेवले तर बरणी नाही. सासूबाई तोंडावर पदर धरून माजघरात बसायच्या, कारण अंगणात रंगाचा वास. पुढं हेड मशिनिंगला दिलं ते चार महिने आलंच नाही. ते चार महिने मामंजी रोज दहा वाजता त्या गाडीशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि एकला जेवायला आत यायचे.

तीन वर्षांनी गाडी चालू झाली. पेढे वाटले, गणपतीला जाऊन आलो. आणि त्यानंतरच्या सोमवारी मामंजी परत रिकामे. आता ते गाडीला कव्हर घालतात आणि काढतात. तुम्ही म्हणता वेळ जात नाही म्हणून गाडी. मग गाडी झाल्यावर काय?

आणि काकूंचा विरोध आहे असं एका ओळीत लिहून पुढं गेलात. त्यांना विचारलंत, की नुसतं सांगितलंत?

हिशेबी_माणूस

ताई, शंभर टक्के.

जेन_झी_जत

एवढं इंजिन-इंजिन कशाला? मोटर आणि बॅटरी टाका ना. इलेक्ट्रिक बीटल. मेंटेनन्स झिरो, रील व्हायरल.

कुपवाडचा_पाना

पोरा, झोप.

कागद_आधी

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी आणि फोरमन साहेबांसाठीही, कायद्याचं बघून ठेवा. जुलै २०२१ पासून नियम आहे की पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केला की ती व्याख्येतून बाहेर. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मेख अशी की ती गाडी रोज वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, बास. भाजी आणायला नाही.

म्हणून माझं मत व्हिंटेजच्या वाटेला न जाता साधी नोंदणी जिवंत करावी. जुना नंबर राहील. फिटनेस दाखवावा लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल. पण त्याच्याही आधी, गाडी कुणाच्या नावावर आहे? डॉक्टरांच्याच असेल तर वारसांनी फॉर्म ३१ भरून आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, मग २९ आणि ३० वर तुमच्या. बाहेरगावी असलेल्या तीन भावंडांच्या सह्या गोळा करायला इंजिनापेक्षा जास्त वेळ लागतो, हे अनुभवाने सांगतो. आरसी बुक पुरात गेलं असेल तर आणखी एक फेरा.

बसस्टँडमागे

सगळे गंज आणि व्याजावर बोलताय. सुरक्षेचं? चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेकची एकच लाइन, एक नळी फुटली की चारही गेले. सीट बेल्ट नाही. पेट्रोलची टाकी पुढं, तुमच्या गुडघ्यांच्या समोर. आणि सहा व्होल्टचे दिवे, म्हणजे देव्हाऱ्यातली समई. अशा गाडीतून नातवाला शंभर फुटी रोडला न्याल?

दुसरं जरा कडू आहे. गावभागातल्या डॉक्टरांची गाडी म्हटली की आमच्या पिढीला काय आठवतं ते मलाही माहीत आहे. साहेब, तुम्हाला गाडी पाहिजे की डॉक्टरांचा मान पाहिजे?

फोरमन_सांगली

सगळ्यांना एकदम उत्तर देतो, टायपिंगला वेळ लागतो मला.

हिशेबी साहेब, योजनेत आधीच ठेवलेत. हे पाच त्याच्या बाहेरचे.

बसस्टँडमागे, झोंबलं, पण खोटं नाही. वडील त्या डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. रोज सकाळी ती गाडी ओल्या फडक्यानं पुसायचे, आणि फडकं आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत वाळत असायचं. मी त्या गाडीत एकदाही बसलेलो नाही. मान वगैरे आता कोण कुणाला देतं? पण हो, असेल थोडं तसंही. नातवाला नेणार नाही. दिवे बारा व्होल्टचे करीन.

सूनबाई, तुमचं लिहिलेलं सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्या पोरीचा नंबर आहे का?" विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. गाडी झाल्यावर काय, याला माझ्याकडं उत्तर नाही. मिल पण दर वर्षी जोडून झाली की हंगाम सुरू व्हायचा. इथं हंगाम नाही, हे खरं.

कुपवाडचे पाहुणे, रविवारी येता का बघायला?

कुपवाडचा_पाना

येतो. मॅग्नेट आणि टॉर्च माझा. तुम्ही डिझेल आणा, अर्धा लिटर.

एअरकूल्ड_पुणेकर

स्टार्टर अजिबात मारू नका. प्लग काढा, चारही भोकांत तेल-डिझेल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या बोल्टला ३० चा पाना लावून हातानं. जोर नाही. हलत नसेल तर परत सोडा.

फोरमन_सांगली

अहवाल. रविवारी गेलो, बुधवारी परत गेलो.

बॅटरीखालचा पत्रा गेला. स्क्रू ड्रायव्हर टोचायचीही गरज पडली नाही, सीट उचलल्यावर खालची फरशी दिसली. डावीकडं पायाखालचाही गेला. दारांच्या खालच्या वीतभर भागाला मॅग्नेट चिकटला नाही, म्हणजे तिथं पूर येण्याच्या आधीपासून नुसती पुट्टी आहे. बोगद्यात गाळ आहे. कुपवाडकरांनी बोटानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. छप्पर, खांब आणि काचा मात्र शाबूत. पंख्याभोवतीचे पत्रे सगळे जागेवर. डॉक्टरांनी ते कुणाला काढू दिले नसावेत.

इंजिन रविवारी हललं नाही. बुधवारी सौ. पण आली होती, 'बघू तरी' म्हणून. पाना लावला, वजन टाकलं, काही नाही. परत लावला. आत कुठंतरी खाटेची दोरी करकरते तसा आवाज झाला आणि पुली साधारण चार बोटं फिरली.

हिशेबी_माणूस

चार बोटांचे साडेतीन लाख.

कुपवाडचा_पाना

माझं मत बदललेलं नाही. पत्र्याचंच काम दीड लाखाच्या पुढं जाणार. पण घेणारच असाल तर सव्वाच्या वर एक रुपया देऊ नका, आणि सह्या आल्याशिवाय टोकन नाही. इंजिन फिरलं हे मालकाला बोललात का?

फोरमन_सांगली

धाकटा मुलगा बेंगळुरूहून आला होता, तिथंच उभा होता. त्यानं व्हिडिओ काढला.

कुपवाडचा_पाना

मग आता साडेचार मागतोय बघा.